विद्यापीठे बदलतात तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचे काय होते?

बेगम बाजारातून नांदेड अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, गुलबर्गा सव्वादोनशेच्या आसपास आणि मद्रास सहाशेच्या वर. विद्यापीठांच्या सामन्यांत मात्र ही अंतरे उलटीपालटी होतात. उस्मानिया विद्यापीठाचा कबड्डीचा किंवा क्रिकेटचा संघ दक्षिण विभागात खेळतो. त्या वाटेवर त्याला मद्रास, केरळ आणि गुलबर्गा येथील विद्यापीठे भेटू शकतात. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ पश्चिम विभागात मोडते. त्याची गाठ पडावयाची, तर दोघांनीही आपापल्या विभागात वरचा क्रमांक मिळवून अखिल भारतीय फेरी गाठली पाहिजे. ज्या मराठी घरांचे निम्मे सोयरे नांदेड-परभणीकडे आहेत अशी घरे आमच्या भागात आजही पुष्कळ आहेत. त्या घरातील मुलाला आपल्या मामेभावाविरुद्ध विद्यापीठाच्या संघातून उतरण्याचा योग जवळजवळ नाहीच.

हा योग एके काळी होता. तो कसा गेला आणि त्यात कोणाचे काय गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. राज्यपुनर्रचना आपण इतिहासाच्या तासाला नकाशावर शिकतो. तिने मैदानावर काय केले हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण मैदान हा अभ्यासाचा विषय आहे असे आपल्याकडे अजून मनापासून वाटत नाही. असो.

प्रथम थोडे दूर जाऊ. अमेरिकेत विद्यापीठांचे खेळ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या संघांमार्फत चालतात. दहा-पंधरा विद्यापीठे एकत्र येतात, आपसांतील सामन्यांचे वेळापत्रक ठरवितात, एक गुणतक्ता ठेवतात आणि दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रित विकून पैसा वाटून घेतात. विद्यापीठाला वाटले, तर ते एक कॉन्फरन्स सोडून दुसरीत जाऊ शकते. टेक्सस राज्यात ऑस्टिनचे टेक्सस विद्यापीठ आणि कॉलेज स्टेशन गावचे टेक्सस ए अँड एम विद्यापीठ यांच्यातील फुटबॉलचा सामना प्रथम १८९४ मध्ये झाला. १९१५ ते २०११ पर्यंत त्यात एका वर्षाचाही खंड पडला नव्हता. दोन महायुद्धे आली आणि गेली, सामना चालूच राहिला. पुढे टेक्सस विद्यापीठाने स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी काढली, जुन्या कॉन्फरन्समध्ये कुरबूर वाढली आणि २०१२ मध्ये ए अँड एम दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये निघून गेले. २४ नोव्हेंबर २०११ रोजी शेवटचा सामना टेक्ससने २७-२५ असा, अगदी अखेरच्या क्षणी जिंकला. त्यानंतर तेरा वर्षे दोघांची गाठ नाही. दोन गावांतील अंतर आपल्या हैदराबाद-निजामाबादइतके; पण गाठ नाही. २०२४ मध्ये टेक्ससही त्याच नव्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाले, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरला सामना पुन्हा झाला.

त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावर याहून मोठी पडझड झाली. १९१५ पासून परंपरा सांगणाऱ्या तेथील कॉन्फरन्समधून बारापैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. मागे दोनच उरली, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. या दोघांनी काहीही केले नव्हते. ती होती तेथेच होती. तरी वेळापत्रक त्यांचे मोडले, उत्पन्न त्यांचे बुडाले आणि आता खेळावयाचे कोणाशी, हा प्रश्नही त्यांनाच पडला. कॉन्फरन्स बदलण्याच्या प्रकरणात वर्तमानपत्रे जाणाऱ्याची बातमी देतात. माझ्या मते अभ्यास करावयाचा तो राहणाऱ्याचा.

हे समजण्यासाठी अमेरिकेला जाण्याचीही गरज नाही. बेगम बाजारात भांड्यांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. गावाकडून लग्नाची भांडी घ्यावयास आलेला माणूस तीन दुकाने हिंडतो, पितळेचा भाव काढतो आणि चौथ्या दुकानात घेतो. यातील एखादे दुकान उठून दुसऱ्या वस्तीत गेले, तर शेजाऱ्याला आनंद व्हावा असे बाहेरच्याला वाटेल. तसे होत नाही. आमच्या ओळखीच्या एका जुन्या भांडेवाल्यांना मी एकदा विचारले, “शेजारचे गेले, आता गिऱ्हाईक सगळे तुमचेच ना शेठजी?” ते म्हणाले, “सर, गिऱ्हाईक माझ्याकडे कधी येत होते? ते गल्लीत येत होते.” प्रतिस्पर्धी दोघे असतात तेव्हा एक तिसरी वस्तू तयार होते. ती दोघांच्या मालकीची असते, म्हणून एकाच्या हिशेबात दिसत नाही. टेक्ससच्या सामन्याचे तेच, आणि आपल्याकडील महाविद्यालयांचेही तेच.

आता घरी येऊ. हैदराबादेत विद्यापीठ बदलण्याचा पहिला ठळक प्रसंग निजाम कॉलेजचा. हे कॉलेज १८८७ मध्ये स्थापन झाले आणि मद्रास विद्यापीठाला जोडले गेले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, १९१९ मध्ये त्याचे वर्ग सुरू झाले, तेही बशीरबागेत निजाम कॉलेजला लागून असलेल्या इमारतीत. म्हणजे भिंतीला भिंत. पण एका बाजूला उर्दू माध्यमाचे उस्मानिया आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी माध्यमाचे, मद्रासच्या परीक्षा देणारे निजाम कॉलेज. विद्यापीठाचा संघ त्याच्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांतूनच निवडला जातो. त्यामुळे १९३५-३६ मध्ये रोहिंटन बारिया करंडकाचे आंतरविद्यापीठ क्रिकेट सामने सुरू झाले, तेव्हा निजाम कॉलेजच्या मुलाला विद्यापीठाच्या वाटेने जावयाचे, तर ती वाट नियमाप्रमाणे मद्रासची होती. शेजारच्या वर्गातील मुलगा त्याच्या विद्यापीठाचा नव्हता आणि सहाशे किलोमीटरवरचा होता. १९४७ मध्ये निजाम कॉलेज उस्मानियाचे घटक महाविद्यालय झाले. शेजारी प्रथमच एका गुणतक्त्यात आले. पुढे हैदराबादच्या क्रिकेटमध्ये निजाम कॉलेजच्या मुलांनी जे नाव काढले, ते उस्मानियाचेही नाव झाले. बदलाने चुरस मरतेच असे नाही, कधी ती जन्मासही येते, हे येथे ध्यानात ठेवावे.

दुसरा बदल याच्या नेमका उलट. निजामाच्या राज्यात तेलंगण, मराठवाडा आणि कानडी जिल्हे एकत्र होते. उस्मानिया हे या सर्वांचे एकच विद्यापीठ होते. औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज १९२३ चे. पोलीस कारवाईनंतर, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मिलिंद महाविद्यालय काढले. ही सर्व उस्मानियाची कॉलेजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य तीन भागांत वाटले गेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात, गुलबर्गा-रायचूर-बिदर म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. विद्यापीठाची फारकत मराठवाड्यापुरती थोडी मागाहून झाली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि तिकडची कॉलेजे उस्मानियातून निघाली. कानडी जिल्ह्यांतील कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली.

माझे मामा त्या काळात नांदेडला पीपल्स कॉलेजात शिकत होते आणि हुतुतू खेळत. उस्मानियाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी ते दोनदा हैदराबादला आले. मीटरगेजच्या गाडीने काचीगुड्याला उतरावयाचे आणि संघातील दोघा-तिघांना घेऊन बेगम बाजारात आमच्या आजोबांच्या घरी मुक्कामास यावयाचे. आजी म्हणे, “जावई परवडला, पण खेळाडू नको, भाकऱ्या मोजता येत नाहीत.” हैदराबादच्या मुलांची पकड कशी वेगळी, ती पायाला कशी येतात आणि नांदेडची मुले अंगावर कशी जातात, हे मामा आम्हा मुलांना पुढे वीस वर्षे सांगत होते. मजा अशी की ज्या दोन सामन्यांच्या गोष्टी आम्ही इतक्या वेळा ऐकल्या, त्या दोन्ही ते हरले होते. मामांच्या धाकट्या भावाने त्याच कॉलेजात, त्याच मैदानावर १९६० नंतर खेळ केला. त्याच्या गोष्टींत हैदराबाद नव्हते. औरंगाबाद होते, परभणी होती, अंबाजोगाई होती. दोन भावांत पाच-सहा वर्षांचे अंतर. प्रतिस्पर्धी मात्र पार निराळे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. धाकट्या मामांचे यात नुकसान झाले असे मला म्हणता येत नाही. ते विद्यापीठाच्या संघात निवडले गेले. थोरले कधीच निवडले गेले नव्हते. याचे कारण साधे आहे. हुतुतूच्या संघात बारा जागा. उस्मानियाच्या बारा जागांसाठी हैदराबाद शहरातील मोठी कॉलेजे, वरंगल, गुलबर्गा, औरंगाबाद असे सगळे झगडत. निवडीच्या ट्रायल्स हैदराबादला, निवडणारे बहुधा हैदराबादचे, आणि नांदेडचा मुलगा रात्रभर गाडीत बसून आलेला. नव्या विद्यापीठाने त्याच मुलासाठी बारा नव्या जागा काढल्या. मागासलेल्या भागाला स्वतःचे विद्यापीठ हवे, या मागणीत पदव्या आणि ग्रंथालये यांचा विचार होता. खेळाच्या जागा तिच्यात न मागता आल्या. विद्यापीठे वेगळी झाली ते योग्यच झाले, असे माझे मत आहे, आणि हैदराबादच्या मराठी माणसाने जुन्या एकत्रपणाच्या आठवणीने उसासे टाकताना हे विसरू नये.

गमावले ते उस्मानियाच्या बाजूने, आणि ते सावकाश कळले. मराठवाड्याची आणि कानडी जिल्ह्यांची कॉलेजे गेल्यावर उस्मानियाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत शहराचे वजन वाढले. गावाकडून येणारा, शहराच्या मुलांना माहीत नसलेल्या चालीने खेळणारा संघ कमी झाला. त्यानंतर हे आकुंचन थांबलेच नाही. १९७६ मध्ये वरंगलला काकतीय विद्यापीठ झाले. २००६ मध्ये निजामाबादला तेलंगण विद्यापीठ, पुढच्या दोन वर्षांत नलगोंडा आणि महबूबनगर येथे आणखी दोन. आज उस्मानियाचा गुणतक्ता बव्हंशी हैदराबाद आणि भोवतालचा. जुन्या मोठ्या संस्थानाचा जणू शहरापुरता मोहल्ला झाला.

सर्वांत ताजा बदल तर आमच्या अगदी दाराशी आहे. बेगम बाजारातून अफजलगंज ओलांडून कोठीला पायी जाता येते. तेथील जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आवारातील महिला महाविद्यालय कित्येक दशके उस्मानियाचे घटक महाविद्यालय होते. २०२२ मध्ये त्याचे तेलंगण महिला विश्वविद्यालय झाले आणि २०२४ मध्ये त्याला वीरनारी चाकली ऐलम्मा यांचे नाव देण्यात आले. स्वतंत्र विद्यापीठ म्हटले की स्वतःचा संघ आला. म्हणजे काल ज्या मुली उस्मानियाच्या संघासाठी निवडीला जात, त्या आज दक्षिण विभागात उस्मानियाविरुद्ध उभ्या राहू शकतात. कोठीच्या मुलींना जागा वाढल्या, आणि सुलतान बाजार, नारायणगुडा, बशीरबाग येथील कॉलेजांच्या मुलींचा घराजवळचा एक तगडा प्रतिस्पर्धी उस्मानियाच्या गुणतक्त्यातून गेला. १९५८ मध्ये जे अडीचशे किलोमीटरवर झाले, ते आता दीड किलोमीटरवर होत आहे.

बदल सारखे दिसले, तरी त्यांचे परिणाम सारखे नसतात, हे नांदेडच्याच पुढच्या इतिहासावरून दिसते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. पीपल्स कॉलेजने अशा रीतीने जागचे न हलता तीन विद्यापीठे पाहिली. या वेळी नांदेड आणि औरंगाबाद यांची महाविद्यालयीन पातळीवरची गाठ तुटली. परंतु दोन्ही विद्यापीठे पश्चिम विभागातच राहिल्यामुळे विद्यापीठांच्या पातळीवर ती पुन्हा पडू शकते. गुलबर्ग्याचेही तसेच. ते धारवाडकडे गेले, १९८० मध्ये तेथे स्वतःचे विद्यापीठ झाले. पण विभाग दक्षिणच. म्हणून आमच्या या वार्षिकाच्या कानडी विभागातील मित्रांना आपल्या सोयऱ्यांशी खेळण्याची वाट अजून मोकळी आहे, आणि मराठी विभागातील मित्रांना नाही. विद्यापीठ बदलल्याने चुरस दुखावते; विभाग बदलल्याने ती तुटते. पोहणे किंवा वेटलिफ्टिंग यांसारख्या, थेट अखिल भारतीय पातळीवर होणाऱ्या स्पर्धांत हैदराबाद-नांदेड आजही समोरासमोर येतात. सांघिक खेळांत, जेथे प्रेक्षक जमतात आणि चुरस मुरते, तेथे नाही.

विद्यापीठांबाहेरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. रणजी करंडकाच्या सामन्यांत १९५७-५८ पासून विभागवार साखळी होती. हैदराबाद दक्षिण विभागात असल्यामुळे म्हैसूर (पुढे कर्नाटक) आणि मद्रास (पुढे तमिळनाडू) यांच्याशी दरवर्षी सामना ठरलेला असे. पश्चिम विभागातील महाराष्ट्र शेजारी असूनही हैदराबादला तो बाद फेरीतच भेटणार. २००२-०३ पासून विभागीय साखळी जाऊन ताकदीप्रमाणे गट पडले. आता हैदराबादला महाराष्ट्र साखळीतही भेटू शकतो, हा लाभ. परंतु कर्नाटक दरवर्षी भेटेलच असे उरले नाही. पुढे तर १९३७-३८ आणि १९८६-८७ चा विजेता हैदराबाद खालच्या गटात गेला आणि २०२३-२४ मध्ये त्याने तो प्लेट गट जिंकून पुन्हा वर येण्याची पात्रता मिळविली. त्या एका मोसमात त्याच्या गुणतक्त्यात ना कर्नाटक, ना तमिळनाडू. जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे बिघडले असे कोणी म्हणाले नाही. पण हैदराबादशी दरवर्षी झगडून ज्यांची नावे झाली, त्यांच्या नातवांना हैदराबाद म्हणजे काय हे सांगावे लागेल, हे बिघडणेच नव्हे काय?

मग यावर उपाय काय? विभागांची रचना बदला, असे अर्ज करण्यात अर्थ नाही. शेकडो विद्यापीठांची सोय एका बेगम बाजारासाठी कोणी बदलणार नाही, बदलूही नये. अमेरिकेत काही विद्यापीठांनी दुसरा मार्ग धरला. कॉन्फरन्स वेगळी झाली, तरी ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट यांनी आपला सामना कॉन्फरन्सबाहेरचा म्हणून २०२४ मध्ये खेळला. गुणतक्त्यात त्याचा काही उपयोग नव्हता. टेक्सस आणि ए अँड एम यांनाही तसे करता आले असते. त्यांचे ठरले नाही, आणि म्हणून तेरा वर्षे गेली. कॉन्फरन्स बदलली म्हणून चुरस जात नाही. पुढचा सामना कोणी ठरविला नाही, म्हणून जाते.

हैदराबादला ही कल्पना नवीन नाही. १९३०-३१ मध्ये येथे मोइनुद्दौला सुवर्णचषकाचे क्रिकेट सामने सुरू झाले ते निमंत्रणाचे. संघ कोणत्या विभागाचा हे तेथे पाहावे लागत नसे. बोलावले की यावयाचे. महाविद्यालयांना एवढा थाट नको. नांदेडच्या एखाद्या कॉलेजचा संघ वर्षातून एकदा येथे यावा, पुढच्या वर्षी आपण तिकडे जावे. अशा सामन्याला विद्यापीठाच्या निवडीचे नियम आड येत नाहीत. दोन प्राचार्यांची पत्रे, दोन फिजिकल डायरेक्टरांचा एक ट्रंक कॉल (आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो) आणि मैदान मोकळे असल्याचा दाखला, एवढ्यावर काम भागते. तारीख मात्र पक्की हवी, दरवर्षी तीच. या वर्षी जमले तर पाहू, अशा सामन्यातून मैत्री होते, चुरस होत नाही.

तारखेबद्दल माझी एक सूचना आहे. विभागीय सामने साधारणपणे हिवाळ्यात होतात; त्यांच्या मध्ये घुसण्यात शहाणपण नाही. सप्टेंबरची १७ तारीख मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि हैदराबाद संस्थान त्याच दिवशी मोकळे झाले. गुलबर्ग्याकडेही तो दिवस पाळतात. तीन भाषांच्या तिन्ही मुलखांना ठाऊक असलेली दुसरी तारीख मला तरी सुचत नाही. पाऊस असतो खरा. पण कबड्डी पत्र्याखालीही खेळता येते, आणि मुक्कामाची चिंता नको. बेगम बाजारात भाकऱ्या मोजण्याची पद्धत अजूनही नाही.